चाळीस पाउंडांची अट

सत्तावन्नाव्या वर्षी बाईने हरणाच्या शिकारीला जाऊ नये, असं आमच्या मराठी मंडळाचं एकमुखी मत पडलं. मत मी मागितलं नव्हतं. पण दोन हजार वीसच्या त्या लॉकडाउनमध्ये लोकांकडे वेळ बक्कळ होता आणि मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप तर होताच. "वहिनी, तुमच्यासारख्या सुसंस्कृत घरातल्या बाईने..." असे सुरू होणारे तीन मेसेज मला एकाच सकाळी आले. तिन्ही पाठवणाऱ्यांनी गणपती विसर्जनानंतर माझ्या घरी बसून माझ्या हातचं मटण बोटं चाटत खाल्लेलं आहे. डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउनमधल्या दुकानातून पिशवीत बांधून आलं की ते मटण. त्याला आधी डोळे होते, पाय होते, याची कुणी आठवण करून दिली की तो माणूस हिंसक. मी उत्तरादाखल एक अंगठा पाठवला आणि फोन उलटा ठेवला.

आम्ही आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या नावनला राहतो. मी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटी बघते, म्हणजे लोकांनी मेहनतीने केलेल्या वस्तूंना दिवसभर नाही म्हणते. नवरा सॉफ्टवेअरमध्ये. पूर्वी तो डब्लिनला, बॉल्सब्रिजच्या ऑफिसात जायचा, त्या वर्षी जेवणाच्या टेबलावर बसून "ऐकू येतंय का" एवढंच इंग्रजीत म्हणायचा. घरात तिसऱ्या सासूबाई. फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून सांगलीकडून आल्या आणि विमानं बंद झाली. ऐंशीला टेकलेल्या, पण नजर अशी की वरणात मीठ कमी पडलंय हे त्यांना दारातूनच दिसायचं.

आता धनुष्याचं सांगते. कॉलेजात असताना अमरावतीला मी तीन वर्षं तिरंदाजी केली. विद्यापीठाच्या संघात होते. तिथे आम्ही गवताच्या चकत्यांवर मारायचो, जनावराचा संबंध नव्हता. पुढे लग्नानंतर अमेरिकेच्या उत्तरेकडे नोकरी लागली. तिथे पानगळ सुरू झाली की निम्मा कारखाना रजा टाकून धनुष्य घेऊन जंगलात जायचा. मला येतं म्हटल्यावर मलाही नेलं. सहा हंगामांत मी चार हरणं मारली. हे मी अभिमानाने सांगते, आणि तीन हरणांपुरताच तो अभिमान आहे.

चौथं माझ्या हातून नीट मेलं नाही. बाण छातीच्या मागे, पोटात गेला. पोटात बाण लागलेलं हरीण पडत नाही, चालत राहतं. आम्ही रक्ताचे थेंब शोधत संध्याकाळभर हिंडलो, अंधार पडल्यावर परतलो आणि सकाळी पुन्हा गेलो. ते ओढ्याकाठी बसलेलं सापडलं. जिवंत होतं. माझ्याबरोबरच्या माणसाने सुरी काढली आणि मला म्हणाला, तू तिकडे बघ. मी तिकडे बघितलं. नंतर मी धनुष्य गुंडाळून ठेवलं, ते आयर्लंडला आल्यावरही माळ्यावरच राहिलं. मुलगी लहान आहे, वेळ मिळत नाही, असं सगळ्यांना सांगितलं. मुलगी कॉलेजात गेली, नोकरीला लागली, परगावी राहायला गेली, तरी मी तेच कारण देत होते. कुणी उलट विचारलं नाही, बाईने मुलांचं नाव घेतलं की सगळं चालतं.

सत्तावन्नावं लागल्यावर एक गोष्ट डोक्यात शिरली ती निघेना. हात आता दोन-चार वर्षांचे सोबती. पिशव्या उचलताना खांदा कुरकुरतो, लोणच्याच्या बरणीचं झाकण नवऱ्याला द्यावं लागतं. आता गेले नाही तर कधीच जाणार नाही, आणि मग माझं शेवटचं हरीण म्हणजे ते ओढ्याकाठचं. मला तसं नको होतं. मला एक नीट बाण हवा होता, छातीत, जागच्या जागी. एवढंच.

आयर्लंडमध्ये धनुष्याने शिकार करायला कायद्याने बंदी आहे. इथे लायसन घेऊन बंदुकीने हरीण मारा, कुणी काही म्हणणार नाही. धनुष्यवाले मात्र फोमची जनावरं मारत बसतात. आमच्या घरापासून चार किलोमीटरवर असा एक क्लब आहे. शेतकऱ्याची झाडी, त्यात फोमचं अस्वल, फोमचं रानडुक्कर, फोमची हरणं ठिकठिकाणी उभी. आयर्लंडमध्ये अस्वल शेवटचं कुणी पाहिलं देव जाणे, पण शनिवारी सकाळी दहा माणसं रेनकोट घालून अत्यंत गंभीर चेहऱ्याने त्याच्याकडे दबक्या पावलांनी जातात. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही असा नियम होता तेव्हा मला आमच्या घराच्या जागेचं पहिल्यांदा कौतुक वाटलं.

क्लबचा म्होरक्या एक निवृत्त गुरांचा डॉक्टर. सगळे त्याला कॅप्टन म्हणतात, तर मीही तेच म्हणते. बहात्तरीचा, उंच, कानात मशीन, बोलणं मोजकं. तो आणि क्लबातले तिघे तरुण दर ऑक्टोबरला फेरीबोटीने फ्रान्सला जायचे. तिथे धनुष्याने शिकार चालते. एका जंगलात त्यांची ठरलेली जागा होती, लहान जातीची हरणं असायची. पाचवी जागा रिकामी होती. कॅप्टनची अट एकच, चाळीस पाउंड. म्हणजे धनुष्याची दोरी पूर्ण ताणायला निदान चाळीस पाउंडांचा जोर लागला पाहिजे. त्याहून हलक्या धनुष्याचा बाण चामडीत शिरतो पण आरपार जात नाही. "मग जनावर मरत नाही," तो म्हणाला, "नुसतं आजारी पडतं." गुरांच्या डॉक्टरच्या तोंडून ते ऐकताना मी बुटांच्या नाड्या बघत होते.

माझं जुनं धनुष्य पंचेचाळीस पाउंडांचं. माळ्यावरून काढलं, पुसलं, दोरी चढवली. अंगणात उभी राहिले, पाय रोवले आणि जोर लावला. दोरी अर्ध्यावर आली आणि थांबली. मी थरथरत होते, ती थांबली होती. शेजारची बाई कुंपणावरून बघत होती. तिने विचारलं, "सगळं ठीक ना?" मी म्हटलं, "ग्रँड!" या देशात पाय मोडला तरी ग्रँडच म्हणतात, ते मी तोवर शिकले होते.

तर मी काय केलं, अप्रामाणिकपणा केला. दोरी हनुवटीच्या मागे यायला हवी, ती मी ओठांपाशीच सोडायला लागले. चार बोटं कमी ओढली की बरंच वजन वाचतं. बघणाऱ्याला वाटतं, बाईंची पद्धतच तशी असेल. त्या उन्हाळ्यात क्लब उघडला तेव्हा मी वीस पावलांवरून फोमच्या हरणाच्या छातीत बाण घालत होते आणि लोक वा म्हणत होते. ऑक्टोबरची फेरी तर कोरोनाने रद्दच झाली. कॅप्टन म्हणाला, पुढच्या वर्षी. मी वरवर हळहळले आणि आतून सुटले. लाज वाटायला हवी होती, तेव्हा नाही वाटली.

मग दसरा आला.

आमचं मंडळ दसरा दणक्यात करतं. त्या वर्षी झूमवर दणका. प्रत्येकाने आपापली शस्त्रं पूजेला मांडून कॅमेऱ्यासमोर दाखवायची होती. आता सॉफ्टवेअरवाल्यांची शस्त्रं काय? लॅपटॉप. चाळीस चौकटींत चाळीस लॅपटॉप, त्यांवर हळदकुंकू, झेंडूऐवजी सुपरमार्केटातली पिवळी शेवंती. एकाने राउटरला ओवाळलं. आमच्या चौकटीत मात्र खरंखुरं धनुष्य. मला मेसेज पाठवणाऱ्या तिघांसकट सगळा ग्रुप एकदम हरखला. शिकार वाईट, पण पूजेला धनुष्य म्हटल्यावर संस्कृती.

मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, एकदा टणत्कार ऐकवा की!" मग सगळ्यांनीच धोशा लावला, टणत्कार, टणत्कार. पौराणिक मालिकांनी आपल्या लोकांचं काय करून ठेवलंय! तिथे वीर उठतो, बाणाशिवाय दोरी ताणून सोडतो, आकाश गडगडतं, शत्रू गर्भगळित. खऱ्या धनुष्याला यासारखा घात नाही. बाण नसला की सगळा जोर धनुष्यातच परततो आणि ते चिरतं. नवशिक्याला पहिल्या दिवशी सांगतात, रिकामी दोरी सोडायची नाही. मीही त्या चाळीस चौकटींना हे सविस्तर समजावून सांगितलं. आवाजात थोडा तोरा होता, खोटं कशाला बोलू.

"मग नुसतं ताणून तरी दाखवा," अध्यक्ष म्हणाले.

तेवढं काय, म्हणून मी ताणलं. आणि लोक बघतायत म्हणून हनुवटीपर्यंत ताणलं, पूर्ण. त्या क्षणी खांद्यात काहीतरी चटकन झालं, आणि बोटं उघडली. मी उघडली नाहीत, ती उघडली. असा काही आवाज झाला की नवरा खुर्चीतून उठला. धनुष्याचं वरचं पातं उभं चिरलं होतं. आणि चाळीस चौकटींत टाळ्यांचा कडकडाट! "वा वहिनी! जमलं की!" अध्यक्षांनी तर हात जोडले.

मी हसले, वाकून नमस्कार केला. हात खाली लोंबत होता.

टाळ्या न वाजवणारं एकच माणूस होतं, माझ्या मागे सोफ्यावर. लॅपटॉप मिटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "हात सुटला न्हवं तुजा?"

"छे! ते म्हणत होते ना टणत्कार, म्हणून सोडली."

"म्या बगितलं," त्या म्हणाल्या आणि जपमाळ ओढायला लागल्या. त्यानंतर महिनाभर त्यांना मी लावून दिलेला सकाळचा ऑनलाइन योग चुकवायचा असला की त्या नुसत्या माझ्या खांद्याकडे बघायच्या. मी गुपचूप कॅमेरा बंद करायचे.

कॅप्टनला मी फोनवर मंडळाचीच कथा सांगितली. आमच्यात अशी प्रथा आहे, लोकांनी आग्रह केला, मी दोरी सोडली.  तो म्हणाला, "मुद्दाम? बाण नसताना?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "ग्रँड," पण हे निराळं ग्रँड होतं. पस्तीस वर्षांपूर्वी संघात असलेली बाई खेळ दाखवायला म्हणून आपलं धनुष्य फोडते, हे त्या माणसाच्या डोक्यात बसेना. वसंतात क्लब पुन्हा उघडला तेव्हा त्याने मला नवशिक्यांच्या सुरक्षेच्या वर्गात बसवलं. दोरी कशी धरायची, रिकामी का सोडायची नाही. मी मान हलवत ऐकून घेतलं. मूर्ख ठरणं मला परवडलं, म्हातारी ठरणं नाही परवडलं. आज लिहिताना स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटतं.

तो हिवाळा खांद्याचा. फिजिओथेरपिस्ट व्हिडिओवर यायची, बिचारी माझ्या मुलीच्या वयाची. किचनमधल्या प्रेसच्या, म्हणजे कपाटाच्या, कडीला रबरी पट्टा बांधून तो रोज ओढायचा. दहा वेळा, मग वीस. कडी दोनदा निघाली, खांदा जागचा हलेना. मंडळातल्या बायकांनी तिळाचं तेल, एरंडाची पानं, ओवा, वाळूची पुरचुंडी असे उपाय पाठवले. नावनमध्ये एरंडाची पानं कुठून आणू? सासूबाई शेकून द्यायच्या. शेकता शेकता विचारायच्या, "एवढं कशापायी गं? खायाला मिळत न्हाय का हितं?" एकदा मी त्यांना ओढ्याकाठचं सांगितलं. नवऱ्यालासुद्धा इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. त्या शेकत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "मंग जा. पर धड मार."

नवं धनुष्य मागवलं, बेचाळीस पाउंडांचं. मार्चमध्ये ते मला अर्धं यायचं, मेमध्ये गालापर्यंत, जुलैच्या शेवटी पूर्ण. दिवसातून तीनदा पूर्ण यायचं, चौथ्यांदा हात कापायचा. पण मला शंभर बाण कुठे मारायचे होते? एकच तर हवा होता. फेरीबोटी सुरू झाल्या होत्या, लशी झाल्या होत्या, ऑक्टोबर ठरला होता. कॅप्टनने निरोप दिला, ऑगस्टमधल्या एका शनिवारी परीक्षा.

परीक्षा सोपी. सामान तोलायला असतो तसला हुकाचा काटा, फांदीला टांगलेला. त्याला दोरी अडकवायची आणि आपण दोरी जिथवर ताणतो तिथवर धनुष्य खाली ओढायचं. काट्यावर चाळीस किंवा जास्त दिसलं पाहिजे. मग सराव न करता, थंड हातांनी, वीस पावलांवरून तीन बाण. तिन्ही छातीवरच्या गोलात. शिकारीत कुणी आधी सराव करू देत नाही, म्हणून इथेही नाही. आणि एक गोष्ट कॅप्टन दर वेळी सांगायचा, दोरी ताणून हात कापला तर बाण न सोडता ती हळूच परत आणा. त्यात कमीपणा नाही, ती संधी गेली एवढंच.

पाऊस भुरभुरत होता. तिघे तरुण झाडाखाली उभे, त्यांचं आधीच झालं होतं. काट्यावर माझे एक्केचाळीस आले. कॅप्टनने मान हलवली. मी पुढे झाले.

पहिला बाण गोलात बसला. दुसरा त्याला चिकटून. तिघांपैकी एकाने हलकेच शीळ घातली, आणि मला म्हणायला हरकत नाही, मी सुखावले. मनात फेरीबोटीत चढलेसुद्धा.

तिसऱ्याला दोरी हनुवटीशी आली आणि खांदा कापायला लागला. दोरी परत आणायची होती. मला माहीत होतं, परत आणायची. पण परत आणली तर चौथ्यांदा ताणावी लागेल आणि चौथ्यांदा येणार नाही, हेही माहीत होतं. मी सोडला.

बाण कुठे गेला ते मला तिथूनच कळलं. छातीच्या मागे, वीतभर. पोटात.

तिघे लांब होते, छातीत चिकटलेले बाण दोन की तीन हे त्यांना तिथून मोजता येत नव्हतं आणि हरणाचं पोट झाडीआड होतं. कॅप्टन हरणापाशी चालत गेला. माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मग त्याने तिन्ही बाण एकामागून एक उपटले आणि ओरडून सांगितलं, "तिन्ही गोलात! ग्रँड!"

तिघांनी टाळ्या वाजवल्या. कॅप्टन बाण घेऊन माझ्याकडे आला आणि माझ्या डोळ्यांकडे न बघता हातात दिले. हळूच म्हणाला, "ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे. हात तयार होईल."

त्याने माझ्यावर दया केली होती. मला संताप आला. आधी दयेचा आला, मग स्वतःचा, कारण हो म्हणायला मी तयार होते. तोंडात आला होता तो हो. वर्षभर खोटं बोलून मी सरावले होते, हे तर मला बोलायचंसुद्धा नव्हतं, फक्त गप्प राहायचं होतं. पण मला तो ओढा दिसला, आणि 'तू तिकडे बघ' म्हणणारा माणूस. दुसऱ्यांदा तिकडे बघायची माझी ताकद नव्हती.

मी मोठ्याने म्हणाले, "तिसरा पोटात होता."

टाळ्या थांबल्या. "आणि दसऱ्याला दोरी मी सोडली नव्हती," मी पुढे म्हणाले, आता सुरू झालेच होते तर. "हातातून सुटली. माझ्याने धरवली नाही."

एवढं बोलून मला फार मोकळं वाटलं. मी फार चांगली बाई आहे असंही वाटलं, ते कबूल करते. मग मी कॅप्टनकडे बघितलं. तो पांढरा पडला होता. मी माझं खरं बोलत होते, पण त्याला तीन माणसांसमोर खोटा पाडला होता. ज्याने अट घातली त्यानेच ती मोडली, आणि त्या तिघांना त्याने कधीही अर्ध्या पाउंडाची सूट दिली नव्हती.  आयरिश माणसं अशा वेळी हवामानावर बोलतात, तेही कुणी बोललं नाही.

कॅप्टनने मान डोलावली. "बरोबर आहे," म्हणाला. "नियम तो नियम." मग झाडाला टेकवलेलं आपलं स्वतःचं धनुष्य उचललं आणि काट्याला अडकवलं. तिघांपैकी एक म्हणाला, "अरे, तुझं कशाला?" तो ऐकेना. कानातलं मशीन बंद होतं की काय कोण जाणे. दोन्ही हातांनी ते खाली ओढायला लागला, आपली नेहमीची ताणाची खूण येईस्तोवर. ती येईना. तोंड लाल झालं. धनुष्य जिथे थांबलं तिथे काट्याकडे त्याने बघितलं नाही, मला म्हणाला, "तू वाच. तू खरं वाचतेस."

मी वाचलं. "चौतीस."

"चार वर्षं मोजलंच नव्हतं," तो म्हणाला. धनुष्य काढलं, दोरी उतरवली, पिशवीत घातलं, चेन लावली. सगळं अगदी नीट केलं. मग गाडीकडे चालत गेला.

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं. मला शाबासकी हवी होती. त्या म्हणाल्या, "तुजं तू बोललीस, ब्येस क्येलंस. पर त्येला एकट्याला गाठून सांगितलं असतंस तर?" मी म्हटलं, तिथल्या तिथे सुचलं नाही. त्या म्हणाल्या, "चार लोकांत खरं बोलायला लई ग्वाड लागतं, बाई." मी त्यांच्यावर चिडले, उठून भांडी आदळली. नवरा मिटिंगमध्ये होता, त्याने दार लावून घेतलं. रात्री मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. हरणासाठी रडले म्हटलं तर ते पुन्हा खोटं होईल. मला जायचं होतं, फार जायचं होतं, आणि आता मी कधीही जाणार नव्हते.

ऑक्टोबरात तिघे गेले. मी अठ्ठावीस पाउंडांचं धनुष्य घेतलं आणि शनिवारी क्लबला गेले. कॅप्टन आला होता, त्याच्याही हातात हलकं धनुष्य. दोन महिने त्याने माझा फोन उचलला नव्हता. जोड्या पाडताना आम्ही दोघेच उरलो, कारण बाकी सगळ्यांना लांबच्या खुंट्यांवरून, म्हणजे उभं राहायच्या खुणांवरून, मारायचं होतं, आणि आम्हाला बारा पावलांच्या, नवशिक्यांच्या.

आम्ही झाडीतून चाललो. रानडुक्कर झालं, अस्वल झालं. तो मारायचा, मी मारायचे, आपापले बाण उपटायचो.  तिसऱ्या ठिकाणी हरीण होतं. त्याचा बाण छातीत लागला, माझाही. फोमच्या हरणाला अठ्ठावीस पाउंड पुरतात. बाण काढायला आम्ही दोघे वाकलो तेव्हा त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मला आणखी दोन वर्षं मिळाली असती," तो म्हणाला. "तू गप्प बसली असतीस तर."

मी म्हटलं, "हो."

आम्ही बाण पुसले आणि पुढच्या खुंटीकडे निघालो.